पाऊस पाडणारं यंत्र आणि ‘ही तर जादू झाली’ हा शेरा

प्रश्न थोडक्यात असा: पर्जन्यछायेतलं गाव, सलग तिसरा दुष्काळ. शहरातून एक शास्त्रज्ञ येतो, सोबत सुटकेसएवढं यंत्र. भर मे महिन्यात तो ते माळावर ठेवतो, बटण दाबतो, निळसर प्रकाश पडतो, निरभ्र आभाळ भरून येतं आणि पाऊस कोसळतो. कथा स्पर्धेला पाठवली तर परीक्षकांचा शेरा आला, ‘विज्ञानकथा नव्हे, परीकथा.’ लेखकाचं म्हणणं असं की विज्ञानकथालेखक क्लार्कच्या नियमानुसार पुरेसं प्रगत तंत्रज्ञान जादूसारखंच दिसतं, मग माझ्याच यंत्राने काय घोडं मारलं? आणि यंत्राची माहिती किती पानं द्यावी म्हणजे कथा विज्ञानकथा ठरेल?

पानांचा प्रश्न आधी बाजूला ठेवू, कारण अडचण तिथे नाहीच. चार पानं माहिती भरलीत तरी शेरा तोच येईल, फार तर ‘कंटाळवाणी परीकथा’ असा. अडचण ही आहे की तुमचं यंत्र काय करू शकत नाही, हे वाचकाला कुठेच कळत नाही. आज त्याने पाऊस पाडला. पुढच्या प्रसंगात त्याने आजारी मुलगी बरी केली तरी वाचक तुम्हाला कुठल्या तोंडाने अडवणार? ज्या वस्तूला हद्द नाही, तिच्यामुळे अडचण सुटली की वाचकाला सुटल्यासारखं वाटत नाही. परीक्षकांना खटकलं ते बहुधा हेच, शब्द मात्र त्यांनी दुसरे वापरले.

आता काय कशावर अवलंबून आहे ते सांगतो. तुमची कथा पाऊस पडल्यानंतरच्या गावाबद्दल असेल, म्हणजे पाणी आल्यावर जमिनीचे भाव कसे चढले, भावाभावांत कज्जे कसे लागले, तर यंत्र बंद पेटी राहिली तरी चालतं. तिथे यंत्र म्हणजे केवळ निमित्त. कुमारांसाठी लिहीत असाल किंवा उपरोधिक कथा असेल, तरीही बरीच सूट मिळते. पण कथेचा कळसच यंत्र चालण्यावर उभा असेल, आणि तुमचा आहे, तर सूट जवळजवळ संपते. दिवाळी अंकाच्या अडीच-तीन हजार शब्दांच्या कथेत तर एका अशक्य गोष्टीपेक्षा जास्त काही पचत नाही. कादंबरीत दोन पचतील.

क्लार्कच्या नियमाचा आधार तुम्ही घेतलात, पण तो तुमच्या बाजूने साक्ष देत नाही. आर्थर सी. क्लार्क यांनी हा तिसरा नियम आपल्या एका जुन्या निबंधाच्या १९७३च्या सुधारित आवृत्तीत घातला. तो बघणाऱ्याच्या अज्ञानाबद्दल आहे. ज्याने यंत्र बांधलं त्याला ते कधीच जादू वाटत नाही. त्याला ते कुठे गरम होतं, कुठे करकरतं हे माहीत असतं. लेखक हा बांधणाऱ्याच्या जागी असतो, बघणाऱ्याच्या नव्हे. गावकऱ्यांना जादू वाटू दे, वाचकालाही थोडा वेळ वाटू दे. तुम्हाला वाटून चालणार नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण कथेतलं नसून खऱ्या रंगमंचावरचं आहे. फ्रेंच जादूगार रॉबेर-उदँ याच्याकडे एक लहानशी पेटी होती, तळाला लोखंडी पत्रा. रंगमंचाच्या फळ्यांखाली विद्युतचुंबक. प्रवाह बंद असेल तेव्हा लहान मूलही पेटी उचली. सुरू केला की पैलवानालाही हलेना. पॅरिसमध्ये विद्युतचुंबक लोकांना फारसा ठाऊक नव्हता तोवर प्रयोग तुफान चालला. लोकांना कळू लागल्यावर त्याने पेटी दोरीने कप्पीवर टांगायची नवी युक्ती जोडली, म्हणजे ‘खाली चुंबक असेल’ हा संशय फिटावा. १८५६ साली फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियात पाठवलं, तिथल्या मराबूत म्हणजे मुस्लिम धर्मगुरू मंडळींचा लोकांवरचा प्रभाव कमी व्हावा म्हणून. तिथे त्याने पेटी तीच ठेवली, सांगणं बदललं: पेटी जड होणार नाही, तुझी ताकद मी काढून घेणार. एक धिप्पाड माणूस पुढे आला, पेटी उचलेना, आणि मग मुठीतून विजेचा झटका बसल्यावर तो पळून गेला.

वसाहतवादी राजकारणाचा हा किस्सा फारसा गौरवाचा नाही, पण लेखकाला त्यातून मोठं काम मिळतं. तार, पत्रा, बॅटरी सगळं तेच; बदललं ते बघणाऱ्याला काय माहीत आहे आणि त्याला काय सांगितलं गेलं, एवढंच. म्हणजे जादू आणि तंत्रज्ञान यांतली रेघ पुसट करायची असेल तर ती यंत्रात पुसू नका, पात्रांच्या नजरेत पुसा. रॉबेर-उदँच्या वहीत ती शेवटपर्यंत ठळकच होती.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगतो. तुमच्या कथेतले गावकरी यंत्र बघून हात जोडतात, ते मला पटलं नाही. मराठवाड्यावर २०१५ आणि २०१९ साली सरकारने कृत्रिम पावसासाठी विमानं उडवली, वर्तमानपत्रांतून रोज त्याच्या बातम्या आल्या. बोअरची मोटर जळली तर रात्रीत ती बाहेर काढणारी ही माणसं. ती पहिला प्रश्न विचारतील तो ‘याला डिझेल किती लागतं?’ हा. तोच प्रश्न कथेत आला असता तर अर्धं काम झालं असतं.

रेघ कुठे आहे हे तपासायला मी तीन गोष्टी बघतो. पहिली, यंत्र माणूस ओळखतं का? परशुरामाचा शाप असल्यामुळे ऐन वेळी कर्णाला ब्रह्मास्त्र आठवत नाही. अस्त्र चालणं न चालणं त्याच्या वागणुकीशी, शापाशी, गुरूच्या मर्जीशी बांधलेलं आहे. महाकाव्यासाठी हे उत्तमच आहे. पण यंत्राला पुण्य कळत नाही. नियमाप्रमाणे चालवलं तर ते खलनायकाच्या हातातही तितकंच नीट चालायला हवं. तुमच्या कथेत लोभी पाटलाने बटण दाबल्यावर यंत्र ‘रुसतं’, तिथे रेघ ओलांडली गेली. दुसरी गोष्ट, बिघाड. जादू एकतर होते किंवा होत नाही. यंत्र अर्धवट चालतं, हीच त्याची खूण. दहाऐवजी तीन मिलिमीटर पाऊस पडतो, धूळ बसते आणि पेरणी मात्र फसते. किंवा पाण्याऐवजी गारा येतात. आणि बिघडलं की ते कुणालातरी दुरुस्त करता येतं, निदान कुणीतरी तसा प्रयत्न तरी करतो. तिसरी, हिशेब. जे आलं ते कुठून आलं आणि जे गेलं ते कुठे गेलं?

ही तिसरी गोष्ट तुमच्याच पावसावर करून बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. गावाचं शिवार २० चौरस किलोमीटर धरा. १० मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १० लिटर. एकूण २० कोटी लिटर, दोन लाख टन पाणी. दहा हजार लिटरचे २०,००० टँकर. हे सुटकेसमधून येणार नाही, हवेतूनच यायला हवं.

आता बहुतेक लेखक समजतात की पाऊस पाडायला प्रचंड ऊर्जा ‘द्यावी’ लागते. प्रत्यक्षात वाफेचं पाणी होताना ऊर्जा बाहेर पडते, दर किलोला सुमारे २५ लाख जूल. दोन लाख टनांचे झाले ५ गुणिले १०चा १४वा घात जूल. हिरोशिमावरच्या बाँबची ऊर्जा १५ किलोटन धरली तर तसे आठ बाँब. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. तो पूर्ण ताकदीने जवळपास तीन दिवस चालला तर एवढी ऊर्जा तयार होईल. एका साध्या, मध्यम सरीत निसर्ग हे रोज करतो आणि आपल्या लक्षातही येत नाही, कारण ती उष्णता ढगातच वापरली जाते: हवा आणखी वर चढते, आजूबाजूची हवा खाली ओढली जाते. एक चौरस मीटर जमिनीवर साधारण १० टन हवेचा खांब उभा असतो. १० मिलिमीटर पावसाची उष्णता त्या अख्ख्या खांबात वाटली तरी त्याचं तापमान अडीच अंशांनी वाढतं. खालच्या थरातच अडकली तर याच्या कितीतरी पट.

म्हणजे बघा, तुमच्या शास्त्रज्ञाने जबरदस्तीने वाफेचं पाणी केलं तर गावावर गरम हवेचा लोट उठणार, चारी बाजूंनी वारा आत घुसणार, पत्रे उडणार. हे सगळं कथेत फुकट मिळणारं नाट्य आहे आणि तुम्ही त्याऐवजी निळा प्रकाश घातलात.

दुसरा घोटाळा निरभ्र आभाळाचा. मे महिन्याची दुपार, तापमान ४० अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. या हवेचा दवबिंदू १३ अंशांच्या आसपास. म्हणजे ती २७ अंशांनी थंड होईपर्यंत एक थेंब सुटणार नाही. निसर्ग हवा वर उचलून ती थंड करतो, दर किलोमीटरला सुमारे १० अंश. दवबिंदूही वर जाताना थोडा उतरतो, तो हिशेब धरून ढगाचा तळ येतो जवळपास ३.४ किलोमीटरवर. तिथून सुटलेला थेंब साडेतीन किलोमीटर कोरड्या हवेतून खाली येणार, आणि बहुतेक वाटेतच आटणार. माळावर उभं राहून लोक वर पावसाचे लोंबते पडदे बघतात आणि अंगावर काही पडत नाही. हे खरोखर घडतं, आणि दुष्काळाच्या कथेत यापेक्षा क्रूर प्रसंग सुचणं कठीण आहे.

मग अशक्य गोष्ट कोणती निवडायची? हवा कुठलीही उष्णता कुठेही न टाकता थंड करणारं यंत्र निवडलंत तर उष्मागतिकीचा, म्हणजे उष्णतेच्या देवघेवीच्या नियमांचा, कणाच मोडतो, मग पुढचं काहीही खरं वाटत नाही. माझा सल्ला: आज जे अर्धवट जमतं तेच पुढे ताणा. ढगातला थेंब साधारण ०.०२ मिलिमीटर व्यासाचा, पावसाचा २ मिलिमीटरचा. असे दहा लाख थेंब एकत्र आले की एक पावसाचा थेंब होतो. ढगबीजन म्हणजे त्यांना एकत्र यायला निमित्त देणं. ढगाचा वरचा भाग शून्याखाली पुरेसा गेला असेल तर सिल्व्हर आयोडाइडचे कण, उबदार ढग असेल तर मिठाच्या जातीचे पाणी शोषणारे कण. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने सोलापूर भागात २७६ ढगांवर याचे प्रयोग केले. वाऱ्याच्या दिशेच्या खालच्या अंगाला, १०० चौरस किलोमीटर भागात, सरासरी १८ टक्के जास्त पाऊस नोंदवला गेला. मुळात ढग हवा, हे यात गृहीत आहे. बीजनाने पाणी तयार होत नाही.

तुमच्या शास्त्रज्ञाने असा कण शोधला की जो १८च्या जागी ८० टक्के देतो. एवढीच एक सूट घ्या, बाकी सगळं आजचं ठेवा. कथा मे महिन्यातून उचलून जुलैत न्या, म्हणजे ढग रोज येतात आणि न बरसता निघून जातात. यंत्र जमिनीवरूनच चालवायचं असेल तर ते दुपारी आणि डोंगराच्या उतारावर ठेवा, कारण धूर ढगाच्या तळापर्यंत न्यायला वर चढणारी हवा लागते. सपाट माळावर सकाळी तो गावातच घोटाळत राहील. आणि आता खरा पेच बघा. कण ढगात शिरल्यापासून पाऊस जमिनीवर यायला वीस ते तीस मिनिटं जातात. वारा ताशी ३६ किलोमीटरचा असेल तर तेवढ्यात ढग १२ ते १८ किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे तुमच्या गावाच्या डोंगरावर यंत्र लावलं की पाऊस पडणार पूर्वेकडच्या गावात. स्वतःच्या शिवारात पाडायचा तर यंत्र पश्चिमेच्या गावात, त्यांच्या परवानगीने, त्यांच्या गायरानावर ठेवायला हवं, आणि ते विचारणार, ‘आमच्या डोक्यावरून जाणारा ढग तुम्हाला का द्यायचा?’ लोभी पाटलाची आता गरजच उरली नाही.

कथेत हे किती सांगायचं, हा तुमचा मूळ प्रश्न. वरचे आकडे तुमच्या वहीत असू द्या. कथेत त्यांतला पाचवा हिस्साही नको. यंत्राला काय लागतं, किती वेळ लागतो, ते कुठे चालत नाही, चाललं तर आणखी काय होतं, बिघडलं तर कोण बघतं, याची उत्तरं वहीत नीट लिहून काढा. मग फक्त दोन उत्तरं निवडा, ज्यांच्यावर तुमचा कळस टेकलेला आहे, आणि ती वाचकाला कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच, संकट यायच्या आधी दिसू द्या. नियम संकटाआधी आला तर तो नियम. संकटात आला तर पळवाट. ‘यात अजून एक बटण आहे’ असं शास्त्रज्ञ शेवटच्या पानावर म्हणाला की तुम्ही हरलात.

तुमच्या कथेतलं वाक्य असं आहे: ‘त्याने बटण दाबलं. क्वांटम अनुनादाच्या लहरी आभाळात घुसल्या आणि क्षणार्धात काळे ढग दाटून आले.’ यात क्वांटम हा शब्द मंत्रासारखा वापरला आहे. तो काढून ‘ओम’ घातला तरी वाक्याला काही होत नाही. नॅनो, प्लाझ्मा, मिती, या सगळ्यांचं असंच. शब्द काढल्यावर यंत्राच्या वागण्यात काही फरक पडत नसेल तर तो शब्द शोभेचा आहे. वैमानिकशास्त्र या प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या ग्रंथाबाबत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली हेच दाखवून दिलं: ग्रंथ विसाव्या शतकातला, धातूंची आणि यंत्रांची नावं भरपूर, आणि आराखड्याप्रमाणे बांधलेलं विमान उडणार नाही. नावांनी काही उडत नाही.

त्याच जागी असं काहीतरी बघा:

‘“ढग टिकेल ना?” त्याने तिसऱ्यांदा विचारलं. पश्चिमेला होता ढग, पण वांझोटा. आठ दिवस रोज असाच येऊन जायचा. त्याने नळकांडं पेटवलं. धूर उतारावरून सरळ वर गेला, मग पूर्वेला वाकला. सरपंचबाई ढगाकडे न बघता धुराकडेच बघत होत्या. “हे पडणार कुठं?” त्या म्हणाल्या. तो नकाशा उलगडायला लागला.’

यात एकही पारिभाषिक शब्द नाही. तरी वाचकाला कळलं की ढग लागतो, वारा महत्त्वाचा आहे, आणि शास्त्रज्ञाने एका गोष्टीचा विचारच केलेला नाही. यंत्राची मर्यादा सांगणारं पात्र शास्त्रज्ञ नसून सरपंचबाई आहेत, हे मुद्दाम. माहिती ज्याच्या गरजेची आहे त्याच्या तोंडून आली की ती भाषण वाटत नाही.

आणि जादूचा भास तुम्हाला हवाच असेल, तर त्याचीही सोय आहे. कथा दोनशे वर्षं पुढे न्या. यंत्र डोंगरावर अजून आहे, बांधणारे गेले, कुणाला त्याची विद्या येत नाही. पुजारी दर अमावस्येला त्याच्या मधल्या खांबाला तूप चोळतो, पश्चिमेकडच्या जाळीवर फुलं वाहायला मात्र बंदी. वाचकाला हळूहळू कळतं की तूप म्हणजे मूळचं वंगण आणि ती जाळी हवा आत घेणारी. पुजाऱ्याला हे कळायची गरज नाही. पण एक पथ्य पाळा: तूप चुकलं तर यंत्र अडकलंच पाहिजे, मग पुजारी कितीही सात्त्विक असो, आणि चोराने रात्री येऊन नीट तूप चोळलं तर ते चाललंच पाहिजे. कर्मकांडाची प्रत्येक पायरी जुन्या देखभालीच्या कुठल्या पायरीवरून आली ते वहीत लिहून ठेवा. एखादी पायरी निव्वळ अंधश्रद्धेतून आलेली असू द्या, खऱ्या गावात तशी असतेच. त्याने उलट बाकीच्या पायऱ्या खऱ्या वाटतात.

सध्याच्या मसुद्याचं काय करायचं? गाव, तिसरा दुष्काळ, टँकरभोवतीचं भांडण हे सगळं चांगलं जमलं आहे, त्याला हात लावू नका. निळा प्रकाश, क्वांटम आणि रुसणारं यंत्र काढा. महिना बदला. वाऱ्याची दिशा पहिल्या दोन पानांत कुठेतरी सहज येऊ द्या, उफणणी करणाऱ्या बाईच्या हातात सूप असेल तर ती आपोआप येईल. मग पश्चिमेच्या गावातला एक माणूस कथेत आणा आणि त्याला नाही म्हणायचं सबळ कारण द्या. हे झालं की कथा साधारण चारशे शब्दांनी वाढेल. तेवढे शास्त्रज्ञाच्या भाषणातून कापता येतील, ते सध्या साडेपाचशे शब्दांचं आहे.